मदत घेऊन जिंकलेली लढाई

प्रिय मुक्ता,

एल्डन रिंगमधल्या मलेनियाला हरवल्याचा तुझा मेसेज वाचून मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते. दुसऱ्या दिवशीचा मेसेज वाचून मात्र जीव खट्टू झाला. मिमिक टिअर, म्हणजे तुझीच प्रतिकृती, मदतीला बोलावून जिंकलीस, म्हणजे ते जिंकणं नव्हेच, असं ग्रुपमधल्या मुलांनी म्हटलं आणि तू ते मनाला लावून घेतलंस. आता विचारतेस, "मावशी, डार्क सोल्स, ब्लडबोर्न, सेकिरो, एल्डन रिंग, यांतला सगळ्यांत अवघड कोणता तेवढं सांग. तोच घेते आणि कुणाचीही मदत न घेता संपवून दाखवते."

एका ओळीत उत्तर देऊन तुझी बोळवण करायची नव्हती. हे गेम मला फार प्रिय आहेत, आणि तुझ्या मनात त्यांच्याबद्दल चुकीची गाठ बसलेली मला बघवणार नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तुझ्या विजयाचं. मलेनियाचा प्रत्येक वार तुला लागला की तिचा जीव वाढतो. ढालीवर झेललास तरी वाढतो. आणि वार तुझ्या मिमिक टिअरला लागला तरी वाढतोच. म्हणजे मदतीला कुणाला उभं केलं की तिला जीव भरून घ्यायला आणखी एक शरीर मिळतं. शिवाय मिमिक टिअर बोलवायला तुझ्याच जीवातला मोठा हिस्सा द्यावा लागतो, आणि ती येते ती तुझीच हत्यारं, तुझंच चिलखत घेऊन. हत्यार चुकीचं निवडलं असतंस तर तिच्याही हातात तेच चुकीचं हत्यार आलं असतं. तिने मलेनियाला गुंतवून ठेवलं हे खरं, पण मलेनिया हवेत तरंगून क्षणभर थांबली की आता वारांचा पाऊस पडणार, हे तूच ओळखलंस आणि पळालीस. दुसऱ्या टप्प्यात ती वरून झेपावते, लाल फूल उमलतं आणि सगळीकडे सड पसरते, त्यातून बाहेर पडलीस तीही तूच. हा विजय तुझा आहे. त्यात कमी-जास्त करायचा अधिकार कुणालाच नाही.

आता 'सगळ्यांत अवघड कोणता' याकडे येते. खेळाडू या गेमची उतरंड लावतात आणि त्यावर तासन्‌तास भांडतात. मला त्या उतरंडीतून फारसं काही हाती लागत नाही, कारण ती फक्त मार मोजते. यातला प्रत्येक गेम मारताना तुझ्या हातात काहीतरी देतोही. कुणी वाट देतो, कुणी सोबती देतो, कुणी सरावाला माणूस देतो. काय देतो आणि त्याचं मोल कसं वसूल करतो, ते पाहिलं की हे गेम एकमेकांपासून खरे वेगळे दिसतात. माझी तुलना त्याच अंगाने आहे.

सुरुवात 2009 सालापासून करायला हवी. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने त्या फेब्रुवारीत जपानमध्ये प्लेस्टेशन 3 वर 'डेमन्स सोल्स' आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. ते आधी ओरॅकल कंपनीत नोकरीला होते, 2004 मध्ये गेमच्या क्षेत्रात आले, आणि रेंगाळलेला हा प्रकल्प त्यांनी मधूनच हाती घेतला. या गेममध्ये एक नवी गोष्ट होती. तू तुझ्या जगात एकटीच असतेस, पण जमिनीवर दुसऱ्या खेळाडूंनी लिहून ठेवलेले निरोप दिसतात: पुढे दबा धरून कुणीतरी आहे, इथून उडी मार, डावीकडे बघ. रक्ताच्या डागाला हात लावला की तिथे मेलेल्या अनोळखी माणसाचे शेवटचे काही क्षण सावलीसारखे दिसतात. आणि अगदीच अडलीस तर दुसऱ्याच्या जगातून एखादा लढवय्या बोलावता येतो.

ही कल्पना कुठून आली ते मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितलं आहे. बर्फ पडलेल्या एका चढावर गाड्या घसरून अडकल्या होत्या. मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला रेटा द्यायचा, असं करत सगळे वर पोचले. पण थांबून आभार मानायची सोय नव्हती, कारण थांबलं की पुन्हा अडकायचं. ज्याने आपल्याला ढकललं तो कोण होता हे कधीच कळणार नाही, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचं काय झालं असेल, हा विचार त्यांच्या मनात राहिला. मुक्ता, या सगळ्या घराण्याच्या गेममधले निरोप आणि बोलावणी त्या चढावरून आलेली आहेत. मदत नंतर कुणीतरी दया येऊन चिकटवलेली नाही. अवघडपणा आणि मदत एकाच वेळी, एकाच माणसाच्या डोक्यात जन्मली.

2011 मध्ये आलेल्या 'डार्क सोल्स'मध्ये हे नातं सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तिथली एकच लढाई जवळून सांगते. अनडेड पॅरिशमधल्या जुन्या चर्चच्या छपरावर एक घंटा आहे आणि तिच्या राखणीला दगडी गार्गॉयल. छप्पर उतरतं आणि अरुंद. गार्गॉयल झेप घेऊन समोर येतो, हातात लांब दांड्याचं हत्यार, शेपटीलाही पातं. त्याची चाल तुझ्या लक्षात येते, तू त्याला निम्म्यावर आणतेस, आता जमलं असं वाटतं, आणि वरून दुसरा उतरतो, आग ओकत. आता दोघांना एकाच वेळी नजरेत ठेवायचं, आणि मागे सरकावं तर छप्पर संपतं.

पण त्या लढाईत शिरण्याआधी, धुक्याच्या अलीकडे जमिनीवर एक सोनेरी खूण चमकत असते. ती सोलेर नावाच्या लढवय्याची. त्याआधी पुलापाशी तो सूर्याकडे बघत उभा असलेला भेटतो, आणि दुसऱ्या जगांत आपली खूण ठेवता येईल असा पांढरा खडू तुला देतो. गार्गॉयलच्या लढाईत त्याला बोलवायचं असेल तर आधी बोनफायरपाशी, म्हणजे विसाव्याच्या शेकोटीपाशी, ह्युमॅनिटी नावाची वस्तू खर्च करून मृतवत रूपातून माणूस व्हावं लागतं. ह्युमॅनिटी सहज मिळत नाही. आणि माणूस झालीस की दुसरे खेळाडू शत्रू म्हणून तुझ्या जगात घुसू शकतात. मदतीचं दार उघडलं की धोक्याचंही उघडतं. सोबतीची किंमत मोजायची की नाही, हा प्रश्न गेम तुला लढाईच्या आधी विचारतो, आणि दोन्ही उत्तरं त्याला सारखीच मान्य आहेत.

डार्क सोल्सची दुसरी मदत नकाशातच दडलेली आहे. बोनफायरपाशी बसलीस की जीव भरणारा एस्टस फ्लास्क पुन्हा भरतो, पण मारलेले सगळे शत्रूही परत उठतात. त्यामुळे पुढच्या बोनफायरपर्यंत जीव मुठीत धरून जायचं. त्या चर्चपर्यंत पोचायला किती जिने, किती पूल, किती घरं पार करावी लागतात! मग चर्चजवळ एक लिफ्ट सापडते. तीत उभी राहतेस, ती खाली, आणखी खाली जाते, आणि तू उतरतेस ती थेट फायरलिंक श्राइनमध्ये, जिथून सगळं सुरू झालं होतं. इतक्या लांब आलो असं वाटत होतं ते घरच्या डोक्यावरच होतं. पहिल्या अर्ध्या खेळात एका बोनफायरवरून दुसऱ्यावर क्षणात जायची सोय नाही, ती आनोर लोंडोतले ऑर्नस्टीन आणि स्मॉ हे बॉस पडल्यावर मिळते. तोवर पायांनीच जग पाठ करावं लागतं. तुला एल्डन रिंगमध्ये घोडा आणि नकाशा दोन्ही होते. इथे रस्ते तुझ्या डोक्यात राहतील.

या गेमचे दोषही सांगते. काप्रा डीमनची खोली इतकी छोटी आहे की आत पाऊल टाकताच त्याचे दोन कुत्रे अंगावर येतात आणि काय झालं हे कळायच्या आत खेळ आटोपतो. शेवटाकडचा बेड ऑफ केऑस हा बॉस तर पायाखालची जमीनच काढून घेतो. तिथे मरून काही शिकायला मिळत नाही, फक्त पुन्हा तेवढं अंतर चालून यावं लागतं. अवघड आणि अन्यायी यांतला फरक समजून घ्यायला हे दोन प्रसंग पुरेसे आहेत. गार्गॉयलने मारलं तर का मारलं हे तुला सांगता येतं. खड्ड्यात पडलीस तर फक्त चीड येते.

2015 च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन 4 वर 'ब्लडबोर्न' आला आणि मियाझाकींनी खेळाडूच्या हातातली ढाल जवळपास काढूनच घेतली. शहराचं नाव यार्नम. उंच टोकदार मनोरे, धुकं, बंद दारांमागून येणारे आवाज, आणि रक्ताच्या औषधाने पशू होत चाललेली माणसं. डार्क सोल्समध्ये सावधपणे ढालीआड राहायची जी सवय लागते, ती इथे घातक ठरते. कारण इथली मदत उलट दिशेने येते: शत्रूने घाव घातला की गेलेला जीव लगेच नाहीसा होत नाही, थोडा वेळ तो फिक्या रंगात दिसत राहतो. तेवढ्यात तू उलट वार केलास की तो परत मिळतो. मागे सरकलीस तर गेला. भीती वाटते त्याच क्षणी पुढे जा, असं हा गेम शिकवतो, आणि पुढे जाण्याचं बक्षीस तिथल्या तिथे देतो.

फादर गॅस्कॉइन हा तिथला मोठा परीक्षक. थडग्यांनी भरलेल्या अंगणात तो एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन उभा असतो. थडगी आणि झाडं तुझ्या आडोशाला येतात, तशी तुझी वाटही अडवतात. त्याने वार उचलला की बरोबर त्या क्षणी बंदूक झाडलीस तर तो गुडघ्यावर येतो. पण या लढाईतली खरी मदत लढाईच्या बाहेर आहे. त्याआधी एका खिडकीपाशी एक लहान मुलगी भेटते. तिची आई बाबांना शोधायला गेलीय आणि परतलेली नाही. ती तुला एक छोटी म्युझिक बॉक्स देते. गॅस्कॉइनसमोर ती वाजवलीस की तो डोकं धरून थांबतो, कारण ते त्याच्या घरातलं गाणं आहे. सारखी वाजवत राहिलीस तर मात्र तो लवकर पशू होतो. एका मुलीच्या विश्वासावर तू तिच्याच बापाला मारायला निघाली आहेस हे तुला हळूहळू उमगतं. त्या अंगणाजवळच्या एका छपरावर तिच्या आईचं प्रेतही सापडतं. लढाई सोपी करणारी आणि तरी मन इतकं जड करणारी वस्तू दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मी पाहिली नाही. ज्याने ही मदत घेतली नाही, त्याला गॅस्कॉइनची अर्धी कथा कळलीच नाही.

ब्लडबोर्नची खटकणारी बाब म्हणजे जीव भरणाऱ्या रक्ताच्या कुप्या. एस्टससारख्या त्या आपोआप भरत नाहीत. एखाद्या बॉसपाशी अडलेला खेळाडू कुप्या संपवून बसतो, आणि मग लढाई सोडून त्या गोळा करत फिरावं लागतं. ज्याला मदतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच हातून ती काढून घेतल्यासारखं होतं. एस्टसची रीत मला अधिक माणुसकीची वाटते.

तुझ्या ग्रुपमधली मुलं सेकिरोचं नाव काढत असतील. मार्च 2019 मध्ये आलेला 'सेकिरो' त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. एकटीने लढायचंच असेल, तर ते कसं असतं हे या गेमइतकं कुणीच दाखवत नाही. इथे दुसरा खेळाडू येत नाही. लेव्हल वाढवून बॉस सोपा करता येत नाही. चिलखत नाही, मुख्य हत्याराची निवड नाही, एकच तलवार. युद्धाने पोखरलेल्या काळातल्या जपानसारखं जग, आणि त्यात हात गमावलेला एक शिनोबी.

सेकिरोतली लढाई मला फुगडीसारखी वाटते. दोघांचा तोल एकमेकांवर असतो, कुणी हात सैल सोडला की फेरी मोडते. समोरच्याचा जीव काढण्यापेक्षा त्याचा तोल ढळवायचा असतो. त्याचा वार बरोबर क्षणी तलवारीवर झेलला की ठिणगी उडते, खणकन आवाज येतो, आणि त्याचा तोल थोडा जातो. तू घाबरून मागे गेलीस की तो सावरतो आणि सगळं पहिल्यापासून. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो भेटतो, ज्याने सुरुवातीलाच तुझा हात तोडलेला असतो. तिथवर जे जे शिकलीस ते सगळं तो एकेक करून विचारतो: सलग वार झेलता येतात का, भोसकायला आलेल्या पात्यावर पाय देता येतो का, खालून येणाऱ्या वारावरून उडी मारता येते का. शेवटी तो वीज फेकतो. ती हवेत असताना अंगावर घ्यायची आणि जमिनीवर टेकायच्या आत त्याच्यावरच उलटवायची.

हा गेम निर्दय आहे असं म्हणतात. पण हानबेला विसरू नकोस. पडक्या देवळाबाहेर उभा असलेला, मरू न शकणारा माणूस. त्याच्यावर हवा तितका सराव कर, झेलणं, भोसकणं, उडी, सगळं. तो पुन्हा उठतो आणि पुन्हा समोर उभा राहतो. शिवाय एकदा पडलीस तर तिथल्या तिथे उठायची संधी मिळते, आणि त्या दुसऱ्या जीवात कित्येकदा लढाई फिरते. सेकिरो सोबती देत नाही, गुरू देतो. एकटेपण त्या गेमनेच रचलेलं आहे, म्हणून ते तिथे शोभतं.

आणि आता तुझा एल्डन रिंग. फेब्रुवारी 2022 मध्ये आला, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी त्याच्या जगाची पूर्वकथा रचली, आणि 2025 पर्यंत त्याच्या 3 कोटींहून अधिक प्रती खपल्या. 'हा सोपा केलाय' असं जुने खेळाडू म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मार्गिट आठव. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर तो काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. जुन्या गेमच्या सवयीने तू लगेच बाजूला लोळतेस, आणि तू उठायला नि काठी खाली यायला एकच गाठ पडते. जुन्या खेळाडूंची सवय ओळखून तो त्यांनाच पकडायला रचलेला आहे. मलेनियासारखा कठोर बॉस तर आधीच्या गेममध्ये सापडणं कठीण.

पण याच गेमने सगळ्यांत मोठी मदतही दिली: निघून जायची मोकळीक. मार्गिटपाशी जमत नसेल तर घोडा फिरव, दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, गुहा धुंडाळ, हत्यार पक्कं कर, मग ये. डार्क सोल्समध्ये दार बंद असेल तर बहुतेकदा तेच ठोठावत बसावं लागतं. इथे सगळं रान मोकळं आहे. त्यावर मिमिक टिअरसारखे सोबती देणाऱ्या स्पिरिट ॲश आहेत, बॉसच्या दाराशीच पुन्हा जिवंत करणारे मारिकाचे खांब आहेत, आवडेल तसं मिसळून प्यायचं औषध आहे. जमिनीवर लिहिलेला तुझा निरोप कुणी चांगला ठरवला की त्याच क्षणी तुझा जीवही भरतो. मला या गेममधली ही गोष्ट अतिशय आवडते: तू कुठेतरी लढत असतेस, हरायच्या बेतात असतेस, आणि तू महिन्यापूर्वी लिहिलेल्या निरोपाचा उपयोग झालेला कुणी अनोळखी तुला वाचवून जातो.

2024 मध्ये एल्डन रिंगचा जोडभाग 'शॅडो ऑफ द अर्डट्री' येण्याच्या सुमारास मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितलं की ते स्वतः खेळण्यात अगदी कच्चे आहेत, आणि एल्डन रिंग खेळताना गेम देईल ती प्रत्येक मदत, प्रत्येक सोय वापरतात. ज्याने मलेनिया घडवली तो माणूस हे म्हणतोय. तुझ्या ग्रुपमधल्या मुलांचा नियम लावला तर त्यांच्या हिशोबी त्यानेही आपला गेम जिंकलेला नाही!

दुसरी गोष्ट 2022 मधली. डोक्यावर मातीचा रांजण, अंगावर जेमतेम लंगोटी, दोन्ही हातांत तलवारी, असा एक खेळाडू मलेनियाच्या दाराबाहेर आपली खूण ठेवून बसायचा. कुणी बोलावलं की आत जायचा आणि तिला एकटा हरवून द्यायचा. 'लेट मी सोलो हर' या नावाने तो जगभर गाजला, आणि गेमची प्रकाशक कंपनी बांदाई नामकोने त्याला खरीखुरी तलवार भेट दिली. विचार कर, या गेमच्या जगाने सगळ्यांत जास्त प्रेम कुणावर केलं? ज्याने मलेनियाला एकट्याने हरवून इतरांना हिणवलं त्याच्यावर नव्हे. जो अडलेल्यांच्या हाकेला धावून गेला त्याच्यावर.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या बाहेरचे गेमही याच वाटेने गेले. 'निओ 2' मध्ये निळ्या थडग्यांवरून दुसऱ्या खेळाडूंची प्रतिरूपं सोबतीला बोलावता येतात. पिनोकिओच्या कथेवर कोरियन कंपनी निओविझने 2023 मध्ये आणलेल्या 'लाइज ऑफ पी' मध्ये ब्लडबोर्नसारखं शहर आणि सेकिरोसारखं वार झेलणं एकत्र आहे, बॉसच्या दाराशी सोबती बोलवायची सोयही आहे. 2025 च्या जूनमध्ये त्यात अवघडपणाचे वेगवेगळे पर्याय घालण्यात आले. सेकिरो आला तेव्हा अशा पर्यायांवर मोठा वाद झाला होता. ज्यांचे हात नीट चालत नाहीत, ज्यांना पटकन बटण दाबणं शक्य नाही, अशा खेळाडूंनीही त्यात आपलं म्हणणं मांडलं होतं. दुसऱ्या कुणासाठी एक वेगळा दरवाजा उघडला म्हणून माझ्या खेळातलं काहीही कमी होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. लाइज ऑफ पीने ते करून दाखवलं, आणि ज्यांना मूळचाच कस हवा त्यांच्यासाठी तोही शिल्लक ठेवला.

एकट्याने, कसलीही मदत न घेता खेळणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. तो त्यांचा छंद आहे, त्यांनी स्वतःला घातलेली अट आहे, आणि ती पाळण्यात मोठी मजा आहे. तुलाही कधी तशी हौस आली तर जरूर खेळ. पण ती तुझ्या हौशीने यावी. कुणी टोमणा मारला म्हणून आधीचा विजय पुसून टाकायला नको. अट ज्याने घातली त्याच्यापुरतीच ती चालते, दुसऱ्याच्या खेळावर तिचा हुकूम चालत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आता 'डार्क सोल्स रीमास्टर्ड' घे. तो 2018 मध्ये आला, तुझ्या पीसीवर सहज चालेल. तू घोड्यावरून जग पाहिलंस, आता पायी पाहा. एकेक जिना, एकेक वळण ओळखीचं होऊ दे. गेम थोडा जुना आहे, हालचाल एल्डन रिंगपेक्षा जड वाटेल, पहिले काही तास धीर धर. ब्लडबोर्न पीसीवर आलेला नाही, तो दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन खेळ, आणि त्या मुलीच्या खिडकीपाशी थांबायला चुकू नकोस. सेकिरो त्यानंतर. एकटीने लढायची तुझी जी इच्छा आहे ती तिथे पुरी कर, कारण तिथे ती कुणाला दाखवण्यासाठी राहणार नाही, तो गेमच तुझ्याकडे तेवढं मागेल. तोवर मार्गिटने शिकवलेला संयम आणि गॅस्कॉइनने शिकवलेली धिटाई तुझ्या हातात असेल.

आणि एक काम कर. आजवर तू मदत घेतलीस, आता देऊनही बघ. एल्डन रिंग परत उघड, मलेनियाच्या दाराबाहेर आपली खूण ठेव आणि जो अडलेला बोलावेल त्याच्या बाजूने लढ. दुसऱ्याच्या लढाईत आपला जीव टिकवणं, त्याला सावरायला वेळ देणं, बॉसला आपल्याकडे वळवून घेणं, हे वेगळंच कसब आहे. तो खेळाडू कोण, कुठला, हे तुला कधीच कळणार नाही, आणि तरी त्याची ती रात्र तुझ्यामुळे चांगली जाईल.

डार्क सोल्स रीमास्टर्डमध्ये पासवर्ड ठरवून ओळखीच्या माणसाला बोलावता येतं. माझ्याकडेही तो पीसीवरच आहे. चर्चच्या छपरापर्यंत पोचलीस की ह्युमॅनिटी खर्च करून माणूस हो, मला पासवर्ड कळव आणि सोलेरच्या शेजारी माझी खूण शोध. दुसरा गार्गॉयल मी बघते, पहिला तुझा.

खूप सारं प्रेम.

तुझी
मावशी